तीनदा काढलेलं रक्त

लोरेल पॅस्कोला मिरामूल गावात लोकांचं रक्त काढता काढता सव्वीस वर्षं झाली होती, पण असला फोन तिला आजवर आला नव्हता.

“ग्रँटली हॉस्किन यांचं म्हणून तुम्ही जे रक्त पाठवलंत ना, ते बाईचं आहे,” मेलबर्नच्या लॅबमधली लिएन म्हणाली.

“बाईचं? अहो, त्याची दाढी बघा एकदा येऊन.”

“मी चेष्टा करत नाहीये. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ पुरुषाची आहे आणि रक्त बाईचं आहे. नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते. त्या सकाळी तुमच्याकडे आणखी कोण कोण आलं होतं?”

लोरेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अदलाबदल म्हणे! गावातल्या म्हाताऱ्यांच्या सटकणाऱ्या शिरा आणि तान्ह्या पोरांच्या न दिसणाऱ्या शिरा, सगळ्या तिच्या बोटांना पाठ होत्या. नळीवर नाव ती कधी आधी लिहून ठेवायची नाही. रक्त काढून झालं की समोरच्याच्या देखत लिहायची, जन्मतारखेसकट त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची, आणि मगच त्याला खुर्चीतून उठू द्यायची. लोरेलकडे गेलं की ती तुम्हाला तुमचंच नाव वाचायला लावते, अशी गावात तिची थट्टा व्हायची. आणि ही मेलबर्नची बाई तिलाच विचारत होती, आणखी कोण कोण आलं होतं म्हणून!

“परत काढते,” एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

नुसतं रक्त परत काढायचं असतं तर काहीच नव्हतं. अडचण दिवसांची होती.

ग्रँटली हॉस्किन हा लोकरीचा पारखी. कातरणीच्या हंगामात शेडमधल्या लांब टेबलाशी उभा राहायचा, नुकती कातरलेली लोकर दोन बोटांत धरायचा आणि सांगायचा, ही या ढिगात, ती त्या ढिगात. यंत्रानं मोजलेला केसाच्या जाडीचा आकडा नंतर यायचा, आणि यानं बोटांनी सांगितलेल्याच्या आसपासच असायचा. पन्नाशीला टेकलेला हा माणूस दुसरं काही करायला शिकलाच नव्हता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याच्या आतड्यात गाठ निघाली. सर्जननं ती आजूबाजूच्या आतड्यासकट कापून काढली. मग बॅलरॅटच्या कॅन्सरच्या डॉक्टर कनेलिसबाईंनी त्याला समोर बसवलं. सोबत म्हणून लोरेल गेली होती, कारण ग्रँटलीची बायको केव्हाच त्याला सोडून अॅडलेडला गेली होती आणि डॉक्टर काय म्हणाले ते धडपणे परत सांगणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

“गाठ गेली,” कनेलिसबाई म्हणाल्या. “पण एखादा कण मागं राहिलाय का, ते स्कॅनमध्ये दिसत नाही. राहिला असेल तर केमो द्यायलाच हवी. नसेल, तर उगीच शरीराचे हाल कशाला? या औषधानं बोटं बधिर होतात. बऱ्याच जणांची परत येतात. काहींची कायमची जातात.”

ग्रँटलीनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. “मग कण राहिलाय की नाही, हे कळणार कसं?”

“रक्तातून,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. शरीरातली कुठलीही पेशी मेली की तिच्या आतल्या मजकुराच्या, म्हणजे डीएनएच्या, चिंध्या रक्तात सांडतात. कॅन्सरची पेशीही मरते, तिच्याही सांडतात. फरक एवढाच, की तिच्या चिंध्यांवर तिच्या स्वतःच्या चुका छापलेल्या असतात. म्हणून लॅबवाले आधी गाठीतला मजकूर वाचतात. मग ताडून बघायला म्हणून रक्तातल्या पेशींमधला त्या माणसाचा मूळ मजकूर वाचतात. गाठीत आहे आणि मुळात नाही, ती गाठीची चूक. अशा चुकांची यादी करायची, आणि ती हातात घेऊन रक्तात तरंगणाऱ्या लाखो चिंध्या चाळायच्या. तसली एखादी सापडली, की समजायचं कुठंतरी काहीतरी उरलंय.

“म्हणजे पांढऱ्या लोकरीच्या गठ्ठ्यात एक काळा केस शोधायचा,” ग्रँटली म्हणाला.

“अगदी तसंच.”

“सापडतो. वेळ लागतो, पण सापडतो.”

आणि वेळच तर नव्हता. केमो द्यायची झाली तर ऑपरेशननंतर दहाव्या आठवड्यापर्यंत सुरू व्हायला हवी, असं कनेलिसबाईंनी बजावलं होतं. लॅबचा फोन आला तेव्हा सातवा आठवडा लागला होता.

दुसऱ्या दिवशी ग्रँटली बाही वर सारून परत खुर्चीत बसला.

“माझं रक्त बाईचं आहे म्हणे. शेडवर कळलं तर कातरणारे मला जगू देणार नाहीत.”

“गप्प बस आणि मूठ वळ. आणि खरं सांग, तुला आधी कधी मोठं आजारपण झालं होतं का?”

“नाही.”

“नीट आठव की रे.”

“लहानपणी जरा आजारी होतो. सगळीच पोरं असतात. विशेष काही नाही.”

आता हे ‘विशेष काही नाही’ मिरामूलच्या माणसाचं! इथं बैलानं शिंगावर घेतलेला माणूस दवाखान्यात येऊन ‘जरा लागलंय’ म्हणतो, आणि घर जळालेला माणूस ‘थोडं नुकसान झालं’ म्हणतो. इथल्या माणसाच्या ‘जरा’ला दहानं गुणायचं असतं, हे बाहेरून आलेला डॉक्टरसुद्धा वर्षभरात शिकतो. लोरेल तर इथंच जन्मलेली. पण म्हणूनच फसली. तिनं ‘जरा’ ऐकलं आणि सोडून दिलं, कारण तीही तेच म्हणाली असती.

तिनं दोन नळ्या भरल्या आणि दहा वेळा सावकाश उलटसुलट केल्या. या नळ्या हिसकायच्या नाहीत आणि बर्फातही ठेवायच्या नाहीत. आत चांगल्या पेशी फुटल्या तर त्यांच्याच चिंध्यांचा एवढा कचरा होतो, की नेमकी हवी ती चिंधी हरवून बसते. नाव लिहिलं, त्याच्याकडून वाचून घेतलं, डबा बंद केला.

पाच दिवसांनी फोन आला. परत बाईचंच.

तिसऱ्या वेळी हॅमिल्टनहून लोरेलची वरिष्ठ ग्लेनिस स्वतः आली आणि हाताची घडी घालून पोलिसासारखी शेजारी उभी राहिली. “तू चुकून स्वतःचंच तर काढून पाठवत नाहीस ना, लोरेल?” तिनं हसत विचारलं, पण डोळे हसत नव्हते. लोरेलला ते फार लागलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तो हाच प्रकार. तीन जणांच्या सह्या झाल्या आणि ग्लेनिस तो डबा स्वतःच्या मोटारीतून घेऊन गेली.

ती गेल्यावर लोरेल रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःच्या हातांची भीती वाटली. आपलं वय झालं की काय? आपल्यामुळे त्या गड्याची बोटं गेली तर? कारण कनेलिसबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, “उत्तर आलं नाही, तर मी सोमवारी केमो सुरू करणार. आंधळेपणानं थांबून कॅन्सरला मोकळं रान देणार नाही.”

त्या सोमवारला सहा दिवस उरले असताना, मंगळवारी लिएनचा फोन आला. या वेळी तिचा आवाज वेगळाच होता.

“मिसेस पॅस्को, आधी तुमची माफी मागते. तुम्ही काहीही चुकलेला नाहीत. तिन्ही वेळचं रक्त एकाच बाईचं आहे. आणि आम्ही खोलात जाऊन बघितलं, तर त्यात तरंगणाऱ्या चिंध्यांत ग्रँटलींच्याही आहेत, मिसळलेल्या. दहातला एखादा भाग. बाकी नऊ भाग तिचे. आणि ती त्यांच्या फार जवळची आहे. दोघांचा मजकूर जितका जुळतोय, तितका फक्त सख्ख्या भावंडांचा जुळतो. त्यांना बहीण आहे का?”

“ग्रँटलीला बहीण नाही,” लोरेल म्हणाली.

आणि म्हणता म्हणताच ती थिजली. बहीण होती.

कार्लीन हॉस्किन. शाळेत सहा वर्षं लोरेलच्या शेजारच्या बाकावर बसलेली, खारीसारख्या दातांची कार्लीन. ती एकोणीस वर्षांची असताना नाचाच्या कार्यक्रमाहून परतताना खडीच्या रस्त्यावर मोटार घसरली आणि झाडावर आदळली. त्याला पस्तीस वर्षं झाली. त्या दिवसापासून तिच्या आईनं, व्हेरानं, तिचं नाव उच्चारलं नाही. घरातले फोटो गेले, खोलीचं दार बंद झालं. आईच नाव घेत नाही म्हटल्यावर गावानंही घेतलं नाही. गावाच्या लेखी ती माया होती, आणि होतीही. पण पस्तीस वर्षं नाव न घेता घेता हॉस्किनांना एकच मुलगा आहे, असं लोरेलच्या तोंडातसुद्धा बसून गेलं होतं.

आणि आता सगळं भडाभडा वर आलं. दोघी अकरा वर्षांच्या होत्या. कार्लीन दीड महिना मेलबर्नला होती, आणि परत आली ती बाकावर उशी घेऊन बसायला लागली. शाळेच्या संडासामागं नेऊन तिनं लोरेलला झगा वर करून दाखवलं होतं. कमरेच्या मागं दोन्ही बाजूंना टोचल्याच्या खुणाच खुणा, काही हिरव्या, काही पिवळ्या. “शंभर भोकं पाडली,” ती मोठ्या ऐटीत म्हणाली होती. “माझ्या हाडातलं काढून आमच्या ग्रँटला दिलंय. तो मरत होता. कुणाला सांगशील तर बघ!” लोरेलनं शपथ घेतली होती, आणि पोरीनं ती इतकी पाळली, की स्वतःच विसरून गेली. काखेत कळसा नि गावाला वळसा!

तीन वेळा तिनं त्या नळ्या तळहातावर घेऊन उलटसुलट केल्या होत्या. तीन वेळा त्यांचा कोमटपणा हाताला लागला होता. ती कार्लीन होती.

“ती मेली हो,” लोरेल फोनमध्ये म्हणाली. “पस्तीस वर्षांपूर्वी मेली ती.” आणि तिनं संडासामागची हकिकत सांगितली.

लिएन हळूच म्हणाली, “हाडातला मगज रक्त बनवतो. तिचा मगज याच्यात रुजला असेल, तर तेव्हापासून याच्या अंगात बनलेला रक्ताचा थेंब न् थेंब तिचा. आणि आम्ही त्याच रक्ताला यांचा मूळ मजकूर समजत होतो! तिच्याशी ताडून बघितल्यावर यांच्या शरीराची प्रत्येक चांगली चिंधी आम्हाला चूक म्हणून दिसली असती. बाई-पुरुष जुळेना म्हणून थांबलो. तिच्याऐवजी भावाचं रक्त असतं, तर कदाचित आम्ही अंगभर कॅन्सर आहे म्हणून सांगून मोकळे झालो असतो.”

“मग आता?”

“आता खात्री हवी. आईच्या पोटातच विरून गेलेल्या जुळ्या बहिणीमुळंही असं क्वचित होतं. तुम्ही तेव्हा अकरा वर्षांच्या होतात, तुमच्या आठवणीवर डॉक्टर केमो थांबवणार नाहीत. जुन्या हॉस्पिटलचे कागद तळघरातून शोधायला सहज तीन आठवडे लागतील. तेव्हाचं मोठं माणूस कुणी आहे का सांगायला?”

होतं ना. व्हेरा हॉस्किन, वय वर्षं ऐंशी.

लोरेल मोटार काढून थेट शेडवर गेली. ग्रँटली हलकं काम करायला लागला होता, टेबलाशी उभा राहून लोकरीच्या कडा साफ करत होता. तिनं त्याला बाहेर ओढलं, एका गठ्ठ्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. दाढीतून हात फिरवत राहिला.

“कार्लीन,” तो अखेर म्हणाला. नाव त्याच्या तोंडातून चुकून पडल्यासारखं पडलं. “मला एवढंच सांगितलं होतं, की नवं रक्त भरलं. कुणाचं ते नाही सांगितलं. मी सात वर्षांचा होतो.”

“मग चल, तुझ्या आईला विचारू.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“आईसमोर ते नाव काढायचं नाही. सोमवारी सुई घेतो मी. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

“आणि बोटं?”

“जाऊ देत.”

बघा आता! कॅन्सर ऐकून पापणी न हलवलेला हा बाप्या ऐंशी वर्षांच्या आईच्या गप्प बसण्याला घाबरत होता. बोटं द्यायला तयार, पोटापाण्याचा धंदा द्यायला तयार, पण आईला एक प्रश्न विचारायला तयार नाही. लोरेलचा पारा चढला.

“ग्रँटली हॉस्किन, तुझ्यासारखा ठोंब्या मी जन्मात बघितला नाही! ज्या पोरीनं तुझ्यासाठी हाडं पोखरून घेतली, तिचं नाव घ्यायला तुझी जीभ झडते काय रे? तू नसशील काढत तर मी काढते. ऊठ.”

तो उठला. बायकांनी दरडावल्यावर उठायची त्याला सवय होती.

व्हेरा स्वयंपाकघरात क्विन्सची फळं चिरत होती. दगडासारखी टणक फळं, पण म्हातारीचा हात अजून घट्ट. लोरेल तिच्यासमोर बसली. ग्रँटली दारातच उभा राहिला, टोपी हातात धरून.

“मिसेस हॉस्किन,” लोरेल म्हणाली. चोपन्न वर्षांची झाली तरी या बाईसमोर तिला शाळेतल्या पोरीसारखं वाटायचं. “मला कार्लीनबद्दल विचारायचंय.”

सुरी थांबली. व्हेरानं मान वर केली नाही.

“ती आणि ग्रँट मेलबर्नला गेले होते, तेव्हाचं. तिच्या कमरेतून मगज काढून याला दिला होता का?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तिनंच. संडासामागं नेऊन, झगा वर करून दाखवलं.”

व्हेराच्या घशातून एक आवाज निघाला. हसू की हुंदका, लोरेलला कळलं नाही. “मी कार्टीला बजावलं होतं, कुणाला दाखवू नकोस म्हणून.”

मग ती बोलायला लागली, आणि एकदा लागली ती थांबेना. ग्रँटच्या हाडातला मगज आटला होता. रक्तच बनत नव्हतं, नुसतं बोट लागलं तरी अंगावर काळानिळा डाग उठायचा. घरात सगळ्यांच्या तपासण्या केल्या, तर जुळली एकटी कार्लीन. रक्तगटही तोच. “आम्ही तिला विचारलं नाही गं. सांगितलं. अकरा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं? सुयांना किती भ्यायची! पण त्या दिवशी रडली नाही. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली असेल? ‘पुरलं का त्याला?’” व्हेरानं सुरी बाजूला ठेवली. “पुरलं. तो उठून बसला, आणि आठ वर्षांनी ती गेली. मला वाटत राहिलं, एकाला जगवायला मी दुसरीतलं आधीच थोडं काढून घेतलं होतं. तिचं नाव घेतलं असतं, तर हे सगळंच निघालं असतं. मग ग्रँटला कळलं असतं, आपण कुणाच्या जिवावर जगतोय ते. पोराच्या डोक्यावर ते ओझं नको, म्हणून गप्प बसले. एकदा गप्प बसलं, की मग तोंड उघडता येत नाही.”

“मला वाटायचं,” ग्रँटली दारातून म्हणाला, “मी जगलो आणि ती गेली, म्हणून तू माझ्यावर रागावलीयस.”

“तुझ्यावर?” व्हेरा म्हणाली. “येड्या, तुझ्यावर कशाला रागवू?”

पस्तीस वर्षं वाया घालवलेली दोन माणसं बघून लोरेलला रडू कोसळलं. तिनं रडत रडतच फोन लावला. व्हेरानं कनेलिसबाईंना तारखा, वॉर्ड, सर्जनचं नाव, सगळं घडाघडा सांगितलं. बाई काही म्हणता काही विसरली नव्हती.

“एक आठवडा देते,” कनेलिसबाई म्हणाल्या. “त्याच्यापुढे एक दिवस नाही.”

आता ग्रँटलीचा खरा मूळ मजकूर हवा होता, बहिणीचा स्पर्श नसलेला. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर निघालेली आतड्याची निरोगी कड लॅबमध्ये होतीच. जोडीला लिएननं केस मागवले, मुळासकट. थुंकी चालत नाही, म्हणाली, थुंकीतही रक्ताच्या पेशी असतात, म्हणजे तिथंही ताईच. केसाच्या मुळात मात्र तो स्वतः एकटा. ग्रँटलीच्या डोक्यावर शेतीच नव्हती, म्हणून लोरेलनं चिमटा घेऊन दाढीतले वीस केस उपटले. तो प्रत्येक केसाला कळवळत होता. पोट फाडून घेतलं तेव्हा जरा दुखतंय म्हणाला होता तो.

“आणखी दोन ओढ,” व्हेरा म्हणाली. “बहिणीच्या वेण्या कमी ओढल्या नाहीत त्यानं.”

शुक्रवारी दुपारी फोन आला, तेव्हा तिघंही व्हेराच्या स्वयंपाकघरात होती. लोरेलनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. ग्रँटलीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

“नवी यादी केली,” कनेलिसबाई म्हणाल्या. “गाठीच्या स्वतःच्या अशा अकरा चुका निघाल्या. तुमच्या तिन्ही वेळच्या नळ्या लॅबनं जपून ठेवल्या होत्या, त्या तिन्ही चाळल्या. एकही सापडली नाही. नाही म्हणजे कधीच होणार नाही, असं मी म्हणणार नाही. तीन महिन्यांनी परत बघू, मग परत बघू. पण आज केमो द्यायचं मला काही कारण दिसत नाही.”

“बरं,” ग्रँटली म्हणाला. त्याचे खांदे गदगदा हलायला लागले, आणि लोरेलनं त्याच्या पाठीवर एक गुद्दा घातला, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना. तिचा जीव भांड्यात पडला होता.

“डॉक्टर,” व्हेरा फोनकडे वाकून म्हणाली, “म्हातारीचा एक प्रश्न आहे. खुळा असेल.”

“विचारा ना.”

“ते जे रक्त आहे, तिचं. ते अकरा वर्षांच्या पोरीचंच राहिलंय का?”

“नाही, मिसेस हॉस्किन. मगज रोज नवं रक्त बनवतो. तुमच्या मुलीचा मगज त्रेचाळीस वर्षं रोज बनवतोय, एक दिवस खाडा न करता. आपलं वय होतं, तसं त्याचंही होतं. वयाप्रमाणं रक्तात खुणा उमटत जातात. लिएनला राहवलं नाही, तिनं मुद्दाम बघितल्या. त्या खुणा पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या आहेत.”

फोन बंद झाला. व्हेरा टेबलाकडे बघत होती.

“मी तिला एकोणीस वर्षांचीच धरून चालले होते,” ती म्हणाली. “मार्चमध्ये चोपन्न पूर्ण झाली की ती.”

मग तिनं हात पुढं करून ग्रँटलीचं मनगट धरलं. तो ओढून घ्यायला गेला, तशी तिनं घट्ट धरून ठेवलं आणि आपली बोटं त्याच्या नाडीवर टेकवली. लोरेलला ती ठोके मोजतेय असं वाटलं, पण व्हेराचे ओठ मोजत नव्हते.

“कार्लीन,” ती म्हणाली. “केवढी मोठी झालीस गं, बाळा.”